वाचकांचे प्रश्न : रिव्हॉल्व्हर किती बार टिकते?

नेमबाजीच्या सेंटर फायर प्रकारात (म्हणजे पिन बुडाच्या मध्यभागी आदळते अशा काडतुसांवर) रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहोत. पुढची प्रत्येक तपासणी रिकाम्या हत्यारावरच करायची आहे. सिलिंडर उघडून सगळी चेंबर, म्हणजे काडतुसांची भोके, डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून या. हे वाक्य दर उत्तरात पुन्हा लिहिलेले नाही, पण ते तिथे आहे असे धरून चला.

प्रश्न : .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचे जुने स्मिथ अँड वेसन टार्गेट रिव्हॉल्व्हर लायसन्सवर चढवून घेतले आहे. आधीच्या मालकाने ते भरपूर चालवले होते आणि माझाही आठवड्यातून दोनदा सराव असतो. किती बारांनंतर ते बाद समजावे? (वाशी)

आकडा मागू नका, आणि कोणी छातीठोकपणे सांगितला तर त्यावर विश्वासही ठेवू नका. रिव्हॉल्व्हरचे आयुष्य दोन गोष्टींवर ठरते : आत किती दाब तयार होतो आणि ढिलाई आल्यावर ती किती लवकर दुरुस्त होते. अमेरिकेतल्या सामी या संस्थेने ठरवलेला कमाल दाब .३२ लाँगसाठी १५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), .३८ स्पेशलसाठी १७,००० आणि .३५७ मॅग्नमसाठी ३५,००० आहे. तुमची गोळी यातली सर्वांत सौम्य. शिशाची वॅडकटर, म्हणजे सपाट तोंडाची टार्गेटची गोळी, वापरत असाल तर नळी झिजण्याची काळजी जवळपास सोडून द्या. शिसे मऊ, वेग कमी, त्यामुळे नळीच्या आतल्या पिळदार खाचांना फारसे काही होत नाही.

झिजतात ते हलणारे भाग. सिलिंडर पुढेमागे हलायला लागतो, तो फिरवणारा हँड आणि हँड ज्याला ढकलतो ते सिलिंडरमागचे दातेरी रॅचेट झिजते, सिलिंडरला जागेवर अडवणाऱ्या स्टॉपच्या खाचांच्या कडा ठोकल्या जातात. हे तिन्ही दोष हळूहळू येतात, मोजता येतात आणि दुरुस्त होतात. नुकसान होते ते दोष दिसल्यावरही चालवत राहिल्याने. मॅग्नमची गोष्ट वेगळी. स्मिथच्या मध्यम आकाराच्या के फ्रेमवर, म्हणजे १९५५ साली आलेल्या मॉडेल १९ सारख्या रिव्हॉल्व्हरवर, ११० किंवा १२५ ग्रेनच्या हलक्या आणि वेगवान मॅग्नम गोळ्या सतत चालवल्या की नळीच्या मागच्या रुंद तोंडाला, म्हणजे फोर्सिंग कोनला, खालच्या बाजूला तडा जायचा. क्रेनला, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतो त्या दांड्याला, जागा मिळावी म्हणून तिथली धातू सपाट घासलेली असते, त्यामुळे भिंत पातळ राहते. पुढे ८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने जरा मोठी एल फ्रेम आणली आणि हा दोष बराचसा संपला. .३२ लाँगला या भानगडीची भीती नाही.

प्रश्न : सिलिंडर पुढेमागे हलतो असे वाटते. घरी मोजता येईल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

येईल, आणि प्रत्येकाने मोजावेच. बाइकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तो फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा संच, घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा इकडे हत्यारांच्या चांगल्या दुकानात मिळतो. मात्र ०.०५ मिमीच्या टप्प्याचा साधा संच इथे पुरत नाही. ०.०१ ते ०.०२ मिमीच्या फरकाने पाने असलेला संच मागा.

आधी सिलिंडरचा पुढचा चेहरा आणि नळीचे मागचे तोंड नीट स्वच्छ करा. तिथे शिशाची पुटे राहिली तर मोजणी खोटी येते आणि बहुतेकांची चूक इथेच होते. सिलिंडर बंद करून बोटाने मागे दाबून धरा. नळी आणि सिलिंडर यांच्यामध्ये जोर न लावता जाणारे सर्वांत जाड पान पाहा, तो पहिला आकडा. मग सिलिंडर पुढे दाबून पुन्हा तेच करा, तो दुसरा. दोन्हींतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढेमागे होणारी ढिलाई, तिला आर्मरर, म्हणजे हत्यारे दुरुस्त करणारे, एंडशेक म्हणतात. मागे दाबून मिळणारी फट साधारण ०.१० ते ०.२५ मिमी असावी. एंडशेक ०.०५ मिमीपर्यंत असेल तर निश्चिंत राहा. ०.०८ वर गेला की दुरुस्तीचे ठरवा आणि ०.१० ला थांबा.

थांबा असे ठामपणे लिहितो त्याला कारण आहे. फायरिंग पिन आदळली की सिलिंडर आधी पुढे ढकलला जातो, मग दाबाने काडतुसाचा बूड मागे येतो आणि सिलिंडरही त्यासोबत मागे आदळतो. मोकळी जागा जितकी जास्त, तितका तो वेग घेऊन आदळतो आणि जागा आणखी वाढते. म्हणून पहिल्या काही हजार बारांत न वाढलेला एंडशेक पुढे एकदम वाढल्यासारखा वाटतो. प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टिकलीवर, खूण उथळ पडून बार न उडणे हेही पुष्कळदा याच ढिलाईमुळे होते, पण लोक घोड्याला जोर देणारी मेनस्प्रिंग बदलत बसतात.

उपाय सोपा आहे. स्मिथच्या बनावटीत क्रेनच्या नळकांड्याच्या टोकाला, सिलिंडरच्या आत, ०.०५ मिमी जाडीच्या पोलादी चकत्या बसवतात. समजा मागे दाबून ०.२५ आणि पुढे दाबून ०.१३ आले, तर एंडशेक ०.१२ झाला. दोन चकत्या घातल्या की तो ०.०२ वर येतो. फक्त एक लक्षात ठेवा : चकत्यांनी सिलिंडर मागे सरकतो, फट कमी होत नाही, ती ०.२३ ते ०.२५ राहते. मुळातच फट ०.३० च्या वर गेली असेल तर चकत्यांनी भागत नाही. नळी एक आटा मागे बसवून तोंड पुन्हा कापावे लागते, आणि ते आर्मररचे काम आहे. दर हजार बारांनी दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहा. एका मोजणीपेक्षा दोन मोजण्यांमधला फरक जास्त सांगतो.

प्रश्न : शेजारच्या लेनवाल्याने तक्रार केली की माझ्या रिव्हॉल्व्हरमधून शिशाचे कण उडतात. (कोपरी)

रेंज ऑफिसरला सांगून लगेच वापर बंद करा. कण डोळ्यांत जाऊ शकतात, आणि आपला चष्मा शेजाऱ्याचे डोळे वाचवत नाही.

कारण बहुधा टायमिंगचे, म्हणजे चेंबर वेळेत जागेवर येण्याचे, असते. गोळी चेंबरमधून निघते तेव्हा चेंबर नळीच्या रेषेत नसेल तर तिची एक कड फोर्सिंग कोनला घासून सोलली जाते. तपासायला सहाही चेंबरमध्ये स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसे) किंवा उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी केसेस घाला. हे आवश्यक आहे, कारण एजेक्टरची चांदणी, म्हणजे केसेस बाहेर ढकलणारा चांदणीसारखा भाग, रिकाम्या चेंबरमध्ये किंचित हलते आणि चांगले रिव्हॉल्व्हरही बिघडलेले भासते. सिलिंडरवर बोटाने हलका अटकाव ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढण्याआधी स्टॉप खाचेत पडल्याचा टिक आवाज आला पाहिजे. घोडा चढला आणि टिक आलाच नाही, तर ते चेंबर मागे पडते आहे. सहाही चेंबर तपासून मार्करने खूण करा. एकच चेंबर मागे पडत असेल तर रॅचेटचा तो दात झिजलेला, सगळी पडत असतील तर हँड झिजलेला. स्मिथला लांब हँड घालत नाहीत, जाड हँड घालतात. कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बार उडताना हँड रॅचेटवर दाबून राहतो. त्यामुळे सिलिंडर घट्ट बसतो खरा, पण तो हँड लवकर झिजतो, म्हणून कोल्टचे टायमिंग जास्त वेळा तपासा.

टायमिंग ठीक असूनही कण उडत असतील तर फोर्सिंग कोन पाहा. शिशाचा थर जमला असेल तर पितळी जाळीने साफ करा. तरीही उडतात? मग नळीच्या तोंडातून प्रत्येक चेंबरपर्यंत रेंज रॉड, म्हणजे मापाचा सरळ दांडा, घालून रेषा तपासून घ्या.

प्रश्न : वीस-तीस बारांनंतर एक-दोन चेंबरवर सिलिंडर जड फिरतो. झिजला का? (ऐरोली)

बहुतेक नाही. एजेक्टरच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण अडकलेले असतात. केसेस काढताना नळी आकाशाकडे ठेवून एजेक्टर झटक्यात दाबा, म्हणजे कण बाहेर पडतात. नळी आडवी ठेवून काढल्या तर ते चांदणीखाली शिरतात. जुना टूथब्रश बॅगेत ठेवा.

साफ केल्यावरही जड राहिला तर सिलिंडर उघडून फिरवा आणि एजेक्टर रॉडचे टोक पाहा. ते गोल गोल हेलकावत असेल तर रॉड वाकला आहे. रॉड सैल होऊन थोडा लांब झाला तर सिलिंडर उघडतच नाही. १९६० च्या सुमारानंतरच्या स्मिथमध्ये त्याला उलटे आटे आहेत, म्हणून घट्ट करायला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा लागतो. घट्ट करताना चेंबरमध्ये रिकाम्या केसेस असू द्या, नाहीतर सगळा पीळ चांदणीवर येतो. आणि सिनेमात दाखवतात तसा मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करू नका. क्रेन वाकते आणि वाकलेल्या क्रेनमुळे सगळीच मापे बिघडतात.

प्रश्न : कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर सरावाला वापरले तर टिकेल का? (कळवा)

थोड्या सरावाला हो, रोजच्या शेकडो बारांना नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या मूळ .३२ ची बनावट वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची आहे : नळी आणि सिलिंडर मिळून बिजागरीवर खाली वाकतात आणि वरची खिट्टी त्यांना धरून ठेवते. प्रत्येक बाराचा ताण त्या बिजागरीच्या पिनवर आणि खिट्टीवर येतो. मूठ घट्ट धरून नळीचे टोक वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा. हालचाल बोटाला जाणवली तर खिट्टी किंवा पिन बदलायला झाली. आणि ती जाणवण्याआधीच नेम बिघडू लागतो, कारण मागची माशी एका भागावर आणि पुढची दुसऱ्या भागावर असते. स्पर्धेचे हत्यार म्हणून ते घडवलेले नाही, आणि जे काम त्याचे नाही ते त्याच्याकडून करून घेऊ नका.

प्रश्न : पाच गोळ्यांची मालिका असते, मग सहावे चेंबर नेहमी तेच रिकामे ठेवावे का? (नेरूळ)

उलट विचार करा. चेंबरना क्रमांक द्या, प्रत्येकातून एकेका वेगळ्या टार्गेटवर टेकून दहा बार मारा. ज्याचा समूह सर्वांत पसरट येईल ते स्पर्धेत रिकामे ठेवा. झिजेच्या दृष्टीने फरक नगण्य आहे.

प्रश्न : ट्रिगर हलका करण्यासाठी घरी दगडावर घासला. आता चढवलेला घोडा अंगठ्याने ढकलल्यावर पडतो. (ठाणे पूर्व)

हे हत्यार आता धोकादायक आहे, त्यात काडतूस घालू नका. घोड्याची खाच गोल झाली आहे आणि पृष्ठभागाचा कडक थर गेला असण्याची शक्यता आहे. पुन्हा घासून ते सुधारणार नाही, घोडा आणि ट्रिगर दोन्ही बदलून जुळवून घ्यावे लागतात. सेंटर फायरला ट्रिगर किमान १,००० ग्रॅमचा असावाच लागतो, त्यामुळे त्याखाली जाण्यात काही मिळवायचेही नाही.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये ओळखीचा लेथवाला आहे. चकत्या आणि पिन त्याच्याकडून करून घेऊ का? (ठाणे पश्चिम)

नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडेही लायसन्स लागते. कारागीर कितीही निष्णात असला तरी तुम्ही त्यालाही गोत्यात आणाल. दुरुस्तीचे लायसन्स असलेल्या डीलरकडेच द्या, हत्याराचा क्रमांक घातलेली पावती घ्या आणि काम होईपर्यंत ती लायसन्ससोबत ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात सिलिंडरवर लाल ठिपके येतात. खाडी जवळ आहे. (कोपरखैरणे)

चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा फोमच्या पेटीत हत्यार ठेवू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. रेंजवरून आल्यावर त्याच दिवशी नळी आणि चेंबर साफ करा. लाकडी मूठ काढून तिच्याखालची फ्रेमही पुसा, कारण घाम तिथेच साचतो. बाहेरून तेलाचा पातळ हात, पेटीत सिलिका जेल, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एक नजर. स्टेनलेसलाही खाऱ्या हवेत ठिपके येतात, त्यामुळे त्यावर विसंबू नका. चेंबरमध्ये मात्र तेल राहू देऊ नका. तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला धरत नाही, सगळा धक्का मागच्या प्लेटवर जातो, शिवाय तेल झिरपून प्रायमर निकामी होतो. बार मारण्याआधी कोरड्या पॅचने सहाही चेंबर पुसा.

प्रश्न : नळीत मध्येच कडे फुगल्यासारखे दिसते. (सीवूड्स)

एक गोळी नळीत अडकली असताना दुसरी उडवली गेली. नळी बदलावीच लागेल. बाराचा आवाज फुसका आला, धक्का कमी जाणवला किंवा टार्गेटवर भोक पडले नाही, तर ट्रिगर पुन्हा दाबू नका. हत्याराचे तोंड टार्गेटकडेच ठेवून थोडे थांबा, रेंज ऑफिसरला हाक मारा, सिलिंडर रिकामा करा आणि नळीत पितळी दांडा घालून पाहा. वेगवान मालिकेत हा विचार सुचायला वेळ मिळत नाही, म्हणून फुसका आवाज आला की बोट ट्रिगरवरून काढायची सवय सरावातच लावून घ्या. गोळी आढळली तर दांड्याने हळूहळू ठोकून बाहेर काढता येते, आणि दुसरा बार झालेला नसेल तर नळीला काहीही झालेले नसते.

प्रश्न : रिकामे ट्रिगर दाबण्याचा सराव केल्याने बिघडते का? (खारघर)

सेंटर फायरचे नाही, स्नॅप कॅप घालून खुशाल करा. .२२ मध्ये मात्र पिन चेंबरच्या कडेवर आदळून ती ठोकली जाते आणि मग केस अडकायला लागते, तिथे रिकामे दाबणे टाळा.