भावी महापौर म्हणवणाऱ्या उमेदवाराच्या योजनांवर कितपत विश्वास ठेवावा?

(हे उत्तर जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीआधी लिहिलेलं आहे.) तुम्ही विचारलंय की नवी मुंबईत तुमच्या प्रभागातले एक उमेदवार ‘भावी महापौर’ म्हणून शहर सुधारण्याच्या योजनांची पुस्तिका घरोघर वाटताहेत, त्यातलं प्रत्यक्षात काय उतरेल हे कसं ओळखायचं. मी वाशीत राहतो. सोसायटीच्या सेक्रेटरीपदावर बरीच वर्षं काढल्यामुळे अशा पुस्तिका रद्दीत टाकण्याआधी वाचायची खोड लागली आहे.

आधी त्या ‘भावी महापौर’चं बघू. 15 जानेवारी 2026 ला आपण नगरसेवक निवडणार. मग ते 111 जण आपल्यातून महापौर निवडणार, तोही अडीच वर्षांसाठी. पद कुठल्या प्रवर्गाला जाणार याची सोडत तर मतदानानंतरच निघणार. चिठ्ठी महिलांसाठी निघाली तर या भाऊंच्या बॅनरचं काय? (वहिनींचं नाव पुढे येईल, ते वेगळं.) बदलापूरला नगराध्यक्ष थेट लोक निवडतात, उत्तर प्रदेशात तर महापौरही. आपल्याकडे तसं नाही. शिवाय कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आणि मोठ्या टेंडरची मंजुरी 16 जणांच्या स्थायी समितीकडे. महापौर महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा चालवतात. वजन असतं, नाही असं नाही, पण कामाच्या आदेशावर सही त्यांची नसते.

म्हणून मी पुस्तिकेतल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने मालकाचं नाव लिहितो. ‘मेट्रोचा विस्तार’ असेल तर सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी. बेलापूर-पेंधर मेट्रोची खारघरपासून पुढची स्टेशनं तर आपल्या महापालिकेच्या हद्दीतही नाहीत, तिथून पनवेल महापालिका सुरू होते. शीव-पनवेल महामार्गावरचे खड्डे सार्वजनिक बांधकाम खात्याचे. मालमत्ता कर माफ करायचा तर राज्य सरकारची मंजुरी हवी. एवढं लिहून झालं की गटार, दिवे, कचरा, शाळा, दवाखाना आणि पाणी उरतं. पाण्यावर मात्र कुणाला सबब सांगू देऊ नका. मोरबे धरण आपल्या महापालिकेच्या मालकीचं आहे, असं भाग्य फार थोड्या शहरांचं. तेव्हा ‘24 तास पाणी’ म्हणणाऱ्याला धरणाचं कौतुक करत बसू न देता सरळ विचारा, दिघ्याच्या टोकाला आणि डोंगरउतारावरच्या वस्तीत ते कसं चढवणार?

माझा स्वतःचा धडा तळ्याचा आहे. वाशीचा बराच भाग भराव घालून उभा केलेला. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी जमिनीच्या वर येतं, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. आपण सगळे त्याला होल्डिंग पाँडच म्हणतो. भरतीला त्याची झडपांची दारं बंद होतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटी लागली की दारं उघडून ते खाडीत जातं. युक्ती झकास आहे, पण खाडीचा गाळ आत येत राहिला, त्यावर कांदळवन उगवलं आणि तळी उथळ झाली. आता ते कांदळवन तोडायचं तर किनारा क्षेत्र प्राधिकरण, वनखातं आणि शेवटी उच्च न्यायालय, सगळ्यांची परवानगी हवी. 2018 च्या निकालानंतर त्याला हात लावणं आणखी अवघड झालं. जेसीबी पाठवला आणि झालं, असं ते काम नाही.

2015 मध्ये एक उमेदवार आमच्या सोसायटीच्या गच्चीवर येऊन म्हणाले, ‘‘निवडून आलो की सहा महिन्यांत तळं साफ.’’ मी परवानगीचं विचारलं. ‘‘ते बघू हो काका, मंत्रालयात आपली माणसं आहेत.’’ दुसरे एक आले, त्यांनी सरळ सांगितलं, ‘‘तळं माझ्या हातात नाही. तुमच्या गल्लीचं पावसाळी गटार जिथे उघडतं तिथली जाळी आणि झडप मेच्या आत बदलून घेतो.’’ आम्ही कुणाला मत दिलं असेल? पहिल्यालाच. मीसुद्धा. पुढच्या पावसाळ्यात मीटररूममध्ये गुडघाभर पाणी. शेवटी सोसायटीच्या खर्चाने मीटर अडीच फूट वर उचलून घेतले.

तुमचे उमेदवार माजी नगरसेवक असतील तर एक सोपी परीक्षा आहे. मे 2020 पासून या निवडणुकीपर्यंत नवी मुंबईत प्रशासकच होता, निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, म्हणजे त्यानंतर ‘मी सभागृहात मंजूर करून आणलं’ असं कुणाला म्हणताच येणार नाही. 2015 ते 2020 मधल्या महासभेच्या इतिवृत्तांत त्यांनी काय विचारलं होतं, ते मागा. माहिती अधिकारात मिळतं. दहा पानं वाचली तरी माणूस कळतो.

या वेळी आपल्याकडे पहिल्यांदाच पॅनल आहे, एका प्रभागातून अनेक नगरसेवक, म्हणजे बहुतेक ठिकाणी चार बटणं दाबायची. परवा प्रचाराला आलेल्या एका मुलीला मी नेहमीचाच तळ्याचा प्रश्न टाकला. तिने उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं, ‘‘काका, परवानगीची फाईल आता कुणाच्या टेबलावर आहे, माहितीये का तुम्हाला?’’ मला माहीत नव्हतं. तिने डायरीत लिहून घेतलं. माझं एक बटण ठरलं, तीन बाकी आहेत.