कारवान आणण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कारवान, म्हणजे मुधोळ हाउंड कुत्र्याचं पिल्लू आणायचं तू जवळजवळ ठरवलंच आहेस, असं दिसतंय. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात नावारूपाला आणली, २००५ साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं, लष्करानेही तिची पिल्लं प्रशिक्षणाला घेतली. सगळं खरं. पण असल्या कौतुकापोटी आणलेला कारवान पुढे दिवसभर साखळीला बांधलेला मी फार ठिकाणी पाहिलाय.

हा कुत्रा नजरेवर शिकार करतो. माळावर लांब काही हललं की मान पुढे येते, अंग ताठ होतं, आणि मग तुझ्या हाकेला काही किंमत उरत नाही. ससा असो, शेजाऱ्याची कोंबडी असो. शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, रक्तातली ओढ कशी बंद होणार? म्हणून कुंपण घातलेलं मोकळं रान मिळाल्याशिवाय पट्टा सोडू नकोस. कुंपण कमरेएवढं असेल तर नसल्यातच जमा. रोज मनसोक्त धावला की घरात इतका गप पडून राहतो, की आहे का नाही कळत नाही.

परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर प्रेमाने उड्या मारणारा कुत्रा हवा असेल तर सरळ लॅब्रॅडॉर आण, त्यात कमीपणा नाही. कारवानवर काठी उगारलीस तर तो शिकणार नाहीच, तुझ्यापासूनही लांब राहील. लस झाली की लहानपणीच बाजार, एसटी स्टँड, पोरांचा गोंगाट सगळं हळूहळू दाखव. नाहीतर भित्रा निघेल, आणि भित्रा कुत्रा चावतो.

'खायला घालत नाही का रे?' असं लोक विचारतील. विचारू देत. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. नुसत्या भाकरी-दुधावर भागवू नकोस, अंडी-मांस लागतं. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे थंडीत घोंगडी हवीच. आणि कधी ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आठवणीने सांग. भुलीची काही औषधं असल्या अंगात जास्त वेळ राहतात.

पिल्लू बघायला जाशील तेव्हा आधी त्याची आई बघ. लांब उभी राहून तुला न्याहाळत असेल तर उत्तम. शेपूट पोटाखाली घेऊन कोपऱ्यात थरथरत असेल, तर कितीही स्वस्तात मिळालं तरी रिकाम्या हाताने परत ये.

तुझा,
मामा