मऊ ब्लॉक, धुरकट स्लाइड: टिश्यू प्रोसेसर आणि स्टेनरबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या, मशीनबद्दल आहेत. पावसाळा आहे, त्यामुळे नवल नाही. त्यातले पाच प्रश्न घेते.

प्रश्न (तंत्रज्ञ, नांदेड): मॅडम, आमच्याकडे बारा भांड्यांचा गोल फिरणारा प्रोसेसर आहे. प्रोग्रॅम तोच, वेळा त्याच. तरी महिनाभरापासून स्तनाच्या गाठींचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) मधोमध दबतात आणि कापताना तुकडा गळून पडतो. मशीन बिघडलं असेल का?

उत्तर: मोटर आणि घड्याळ नीट चालत असेल तर मशीनला बोल लावू नका. तुमच्या भांड्यांत पाणी शिरलं आहे.

प्रोसेसरचं सगळं काम म्हणजे तुकड्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरणं. पाणी आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून मध्ये दोन मध्यस्थ लागतात. चढत्या टक्केवारीचं अल्कोहोल पाणी बाहेर काढतं, झायलीन अल्कोहोलला बाहेर काढतं आणि शेवटी झायलीनची जागा मेण घेतं. शेवटच्या अल्कोहोलमध्ये पाणी राहिलं तर झायलीन आत शिरत नाही, आणि जिथे झायलीन गेलं नाही तिथे मेणही जात नाही. ब्लॉक थंड होताना मधोमध खळगा पडतो तो यामुळे. स्तनाच्या गाठीत चरबी भरपूर, तीही अल्कोहोल आणि झायलीननेच काढायची असते. म्हणून हा दोष सगळ्यात आधी तिथे उघडा पडतो.

इथेनॉलला एक्साइजचा परवाना लागतो, म्हणून आपल्याकडे पुष्कळ लॅबमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. दोन्ही हवेतला ओलावा ओढतात. त्यात प्रत्येक रनला बास्केट मागच्या भांड्यातलं थोडं पुढे नेतेच. शेवटच्या अल्कोहोलचा थोडा नमुना टेस्टट्यूबमध्ये घ्या आणि त्यात चिमूटभर निर्जल कॉपर सल्फेट टाका. पांढरी पूड निळी झाली की पाणी आहे. झायलीन दुधाळ दिसलं तर चाचणीचीही गरज नाही, बदलून टाका. आणि ‘दर सोमवारी बदलतो’ हा हिशेब सोडा. किती कॅसेट (तुकडा ठेवायच्या जाळीदार डब्या) गेल्या ते वहीत लिहा आणि त्यावर ठरवा. ज्या आठवड्यात दोन मोठ्या शस्त्रक्रियांचे नमुने येतात, त्या आठवड्याचा सोमवार फार उशिरा येतो.

डोळ्यांनीही कळतं. शेवटच्या झायलीनमधून कॅसेट उघडून बघा. साबुदाण्याची खिचडी होत आली की दाणा पारदर्शक होतो आणि कच्च्या दाण्यात मधे पांढरा ठिपका राहतो, अगदी तसंच. नीट क्लिअर झालेला, म्हणजे झायलीन आतपर्यंत शिरलेला तुकडा काचेसारखा झाक मारतो. मधे अपारदर्शक पांढरट भाग दिसला तर तो मेणात घालू नका, परत ताज्या अल्कोहोलमध्ये न्या. ब्लॉक झालाच असेल तर वितळवा, झायलीनमध्ये मेण काढा, ताज्या १०० टक्के अल्कोहोलच्या दोन-तीन बदलांतून न्या आणि पुन्हा पुढे चला. मात्र आधी ग्रॉसिंगचं, म्हणजे नमुना चिरून तुकडे घ्यायचं टेबल तपासा. ३-४ मिलिमीटरपेक्षा जाड काप आणि फॉर्मॅलिनमध्ये अर्धवटच फिक्स (टिकाऊ) झालेली गाठ कुठलाही प्रोसेसर वाचवत नाही. गाठ आल्या आल्या चिरून तिच्या दहापट तरी १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवायला हवी. स्तनाच्या नमुन्यावर पुढे हार्मोन रिसेप्टरची तपासणी होणार असेल तर फॉर्मॅलिनमधला वेळ ६ ते ७२ तासांत बसला पाहिजे.

हे इतकं लांबवून सांगते याला कारण आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी घाईत शेवटच्या अल्कोहोलच्या भांड्यात ९५ टक्क्यांचं ओतलं. सकाळी सगळ्या कॅसेटमध्ये मऊ, झायलीनचा वास मारणारे तुकडे. मोठ्या नमुन्यांचा उरलेला भाग बरणीत होता, ते निभावलं. एंडोस्कोपीच्या बायोप्सीचं काहीच उरलेलं नव्हतं. एका आजोबांना गावाहून परत बोलावून पुन्हा नळी घालावी लागली. तेव्हापासून भांडं भरताना बाटलीवरचं लेबल मी मोठ्याने वाचते आणि रिपोर्ट हातात जाईपर्यंत बरणी टाकू देत नाही.

प्रश्न (लॅब चालक, राहुरी): रात्री वीज गेली आणि बास्केट दोन भांड्यांच्या मधे हवेत राहिली. तुकडे वाळून कडक झाले. फेकायचे का?

उत्तर: अजिबात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ममींमधल्या रोगांचे अभ्यासक रफर यांनी इजिप्तच्या ममींच्या वाळक्या ऊती मऊ करायला अल्कोहोल, पाणी आणि सोडियम कार्बोनेट यांचं द्रावण वापरलं. पुढे सँडिसन या संशोधकांनी त्यात पाण्याऐवजी फॉर्मॅलिन घातलं: अल्कोहोल ३० भाग, १ टक्का फॉर्मॅलिन ५० भाग, ५ टक्के सोडियम कार्बोनेट २० भाग. हजारो वर्षांच्या ऊती त्यात मऊ झाल्या, तुमच्या एका रात्रीच्या का होणार नाहीत? बहुतेक वेळा काही तास पुरतात. मग पहिल्या भांड्यापासून पुन्हा सुरुवात करा. पेशी पहिल्यासारख्या दिसणार नाहीत, पण निदान करता येण्याइतकं पुष्कळदा हाती लागतं. पॅथॉलॉजिस्टना मात्र काय झालं ते लेखी सांगा.

मेणाच्या भांड्यात असताना वीज गेली असेल तर गोठलेल्या मेणातून बास्केट ओढू नका. हीटर चालू करून मेण पूर्ण वितळू द्या. यूपीएस घेताना मोटरसोबत हीटरचाही भार धरा. शनिवारी लावलेले तुकडे सुटीभर फॉर्मॅलिनमध्ये थांबतील असा उशिरा सुरू होणारा प्रोग्रॅम लावा. गरम मेणात चाळीस तास राहिलेला तुकडा विटेसारखा होतो.

प्रश्न (डीएमएलटी या लॅब तंत्रज्ञाच्या पदविकेची विद्यार्थिनी, सांगली): ऑटो स्टेनरमधून (स्लाइड आपोआप रंगवणाऱ्या मशीनमधून) निघालेल्या स्लाइडवर केंद्रकं निळी न दिसता जांभळट-तांबूस दिसतात. केंद्रकं रंगवणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनची वेळ वाढवली, फरक नाही.

उत्तर: वेळ वाढवून फरक पडणार नाही, कारण रंग पुरेसा आहे. तो निळा व्हायचा राहिला आहे. हिमॅटॉक्सिलिन आम्लात तांबूस आणि अल्कलीत निळं असतं. जादा रंग काढणाऱ्या अ‍ॅसिड अल्कोहोलच्या बुडीनंतर ब्लूइंगची (निळं करायची) पायरी येते, आणि बहुतेक स्टेनरमध्ये ती नळाच्या पाण्यावर सोडलेली असते. पाणी क्षाराचं असेल तर चार-पाच मिनिटांत काम होतं. तलावाचं मऊ पाणी असेल तर होत नाही. गाव तेच, पण नगरपालिकेने पाण्याचा स्रोत बदलला की स्लाइडचा रंग बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. पाण्याच्या भरवशावर न राहता स्कॉटचं द्रावण करून ठेव: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि ३.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. त्यात एक-दोन मिनिटं पुरे. पुढच्या धुण्यात कसूर करू नकोस. अल्कली इओसिन या गुलाबी रंगाच्या भांड्यात गेली की इओसिन फिकं चढतं आणि मग माणूस इओसिनला दोष देत बसतो. इओसिन बरोबर असेल तर गुलाबीच्या तीन छटा वेगळ्या दिसतात: रक्तपेशी सगळ्यात गडद, मग स्नायू, मग कोलॅजेन. सगळं एकसारखं गुलाबी दिसलं की इओसिननंतरच्या अल्कोहोलकडे बघ.

कव्हरस्लिपखाली पांढरं धुकं येत असेल तर ते नांदेडच्या प्रश्नातलंच पाणी आहे. कव्हरस्लिप झायलीनमध्ये सोडव, स्लाइड ताज्या १०० टक्के अल्कोहोलमध्ये परत ने, नव्या झायलीनमधून काढून पुन्हा डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं द्रव्य) लाव.

प्रश्न (पॅथॉलॉजिस्ट, कोल्हापूर): पित्ताशयाच्या स्लाइडच्या कडेला एक परका तुकडा दिसला, गर्भाशयाच्या अस्तरासारखा. तो स्टेनरमधून आला असेल का?

उत्तर: येऊ शकतो. स्लाइडवर नीट न चिकटलेले काप द्रावणात सुटतात आणि दुसऱ्या स्लाइडवर जाऊन बसतात. सेक्शन उचलायच्या गरम पाण्याच्या वॉटर बाथमधून तर ते जास्तच येतात. परका तुकडा बहुधा कापाच्या पातळीत नसतो. फोकस थोडा वर न्यावा लागला तर संशय पक्का धरा. मग त्याच ब्लॉकचे खोल काप घ्या. तिथे नसेल तर तो बाहेरचा. खोल कापातही असेल तर गडबड ग्रॉसिंग किंवा एम्बेडिंगच्या (तुकडा मेणात बसवायच्या) वेळची आहे, आणि तेव्हा त्या दिवसाच्या सगळ्या कॅसेट पुन्हा जुळवून पाहायला हव्यात. तंत्रज्ञांना एवढंच सांगा: हिमॅटॉक्सिलिन रोज सकाळी गाळायचं, प्रत्येक ब्लॉकनंतर वॉटर बाथवर टिश्यू पेपर फिरवायचा, आणि फोर्सेप्स पुसल्याशिवाय दुसरी कॅसेट उघडायची नाही. परक्या तुकड्यात कर्करोग असता तर ही स्लाइड कुणाच्या नावाने गेली असती, हे त्यांना एकदा समोर बसवून दाखवाच.

प्रश्न (प्राणिशास्त्राचा संशोधक विद्यार्थी, पुणे): उंदराचा मेंदू अख्खा पारदर्शक करणारं यंत्र आम्ही वापरणार आहोत. त्यालाही क्लिअरिंग म्हणतात. हे तुमचंच झायलीनचं क्लिअरिंग का?

उत्तर: रसायन वेगळं, भौतिकशास्त्र एकच. झायलीनचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) सुमारे १.५, म्हणजे पाणी काढलेल्या प्रथिनांच्या जवळचा. त्यामुळे प्रकाश आत विखुरत नाही आणि तुकडा पारदर्शक दिसतो. क्लिअरिंग हे नाव त्यावरूनच पडलं. स्टॅनफर्डहून २०१३ मध्ये आलेल्या क्लॅरिटी पद्धतीत मेंदू आधी अ‍ॅक्रिलामाइडच्या जेलमध्ये बांधतात, मग एसडीएस हा साबणासारखा पदार्थ चरबी धुऊन काढतो, आणि विद्युतक्षेत्राने तो वेग वाढतो. प्रथिनं जेलला धरून राहतात, म्हणून नंतर अँटिबॉडीने रंगवता येतं. शेवटी योग्य अपवर्तनांकाच्या द्रावणात ठेवतात.

यंत्र चालवताना तुमचं लक्ष व्होल्टेजच्या आकड्यावर जाईल. त्याआधी तापमान बघा. द्रावण तापलं की मेंदू तपकिरी पडतो आणि तो रंग नंतर जात नाही. म्हणून चिलर आणि द्रावणाचा प्रवाह चालू झाल्याची खात्री करूनच वीज सोडा. विजेने बफरचा पीएच घसरत जातो, तो मोजून बफर बदला. नमुन्याला चिकटलेले बुडबुडे ब्रशने सोडवा. बुडबुडा असेल तिथे क्षेत्र पोचत नाही, आणि शेवटी चकचकीत पारदर्शक मेंदूत तेवढाच एक पांढरा डाग राहतो. एसडीएसची पूड तोलताना मास्क लावा. ती नाकातोंडात गेली की दिवसभर घसा धरतो.