वाचकांचे प्रश्न: केमोच्या दिवसांत हळदीची कॅप्सूल, फॉलिक अ‍ॅसिड आणि संत्री

प्रश्न: आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) सुरू आहे. शेजारच्या काकूंनी मिरीवाल्या हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या, गुळवेलीचा काढाही रोज होतो. डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलेलं नाही. चालेल का? (महाल, नागपूर)

भाजी-वरणातली हळद खुशाल चालू द्या. कॅप्सूल मात्र थांबवा. दोन्हींत फरक मात्रेचा आहे. हळदीच्या पुडीत करक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, साधारण 3 टक्के असतं, म्हणजे चमचाभर, 3 ग्रॅम हळदीत 90 मिलिग्रॅमच्या आसपास. ‘95 टक्के अर्क, 500 मिलिग्रॅम’ लिहिलेल्या एका कॅप्सूलमध्ये 475. पाच चमचे हळद आई एका घोटात गिळतात, असं समजा. त्यात मिरीतलं पिपरिन. करक्युमिन एरवी अंगी फारसं लागत नाही. औषधं मोडून बाहेर टाकणारी शरीराची यंत्रणा पिपरिन मंदावतं, म्हणून ते जास्त शोषलं जातं. पण बाकीची औषधंही याच यंत्रणेतून जातात. टॅमॉक्सिफेनचं खरं काम त्यापासून लिव्हरमध्ये बनणारं एन्डॉक्सिफेन करतं, आणि करक्युमिन-पिपरिन सोबत घेतल्यावर ते रक्तात कमी झाल्याचं काही रुग्णांत दिसलं आहे.

काढाही तूर्त बंद ठेवा. गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी भारतातल्याच आहेत. हळदीच्या कॅप्सूलचंही तेच. खरी पंचाईत पुढे होते: एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलं की दोष औषधाचा की काढ्याचा, हे डॉक्टरांना कळत नाही, आणि बंद होते ती कॅन्सरची गोळी!

लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि डॉक्टर रागावले तर रागावू द्या. सगळ्या डब्या पिशवीत घालून घेऊन जा, लेबलचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ‘एक सर्व्हिंग’ म्हणजे कित्येकदा दोन कॅप्सूल असतात, तेही बघा. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर हा अन्न विकण्याचा परवाना आहे. केमोसोबत चालतं, असं तो नंबर सांगत नाही.

प्रश्न: मोठ्या भाऊजींना फुप्फुसाचा कॅन्सर, त्यांना फॉलिक अ‍ॅसिड घ्यायलाच लावलं. माझ्या सासूबाईंना आतड्याचा, त्यांच्या डॉक्टरांनी मल्टिव्हिटॅमिनसुद्धा बंद केलं. खरं कोणाचं? (प्रतापनगर)

दोघांचंही. भाऊजींना बहुधा पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध असावं. ते फोलेटचं (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याच जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप) कामच अडवतं, म्हणून रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा सांभाळायला थोडं फॉलिक अ‍ॅसिड द्यावं लागतं: रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम, पहिल्या डोसच्या आधीच्या आठवड्यापासून शेवटच्या डोसनंतर 21 दिवसांपर्यंत, आणि दर 9 आठवड्यांनी बी-12चं इंजेक्शन. सासूबाईंना कॅपेसिटाबाइन ही केमोची गोळी असेल तर गणित उलटं. फोलेट भरपूर असलं की ते औषध पेशीतल्या एन्झाइमला जास्त घट्ट चिकटतं. मग जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय सोलणं वाढतं. मेडिकलमध्ये सहज मिळणारी ‘पाचची’ गोळी म्हणजे 5 मिलिग्रॅम, 5000 मायक्रोग्रॅम. एकाच्या डब्यातली दुसऱ्याला देऊ नका.

प्रश्न: गोळीच्या पाकिटावर ‘ग्रेपफ्रूट टाळा’ लिहिलंय. आता संत्रीही बंद? (धरमपेठ)

नाही हो! आपलं संत्रं मँडरिन जातीचं, त्याचा इथे त्रास नाही. टाळायचं ते ग्रेपफ्रूट, त्याचं भावंड पपनस, आणि कडू संत्र्याचं मार्मलेड. त्यांतली द्रव्यं आतड्याच्या अस्तरातलं एन्झाइम निकामी करतात आणि गोळी रक्तात जास्त चढते. हा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, म्हणून ‘सकाळी पपनस, रात्री गोळी’ ही युक्ती चालत नाही. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर संत्रं घरीच धुऊन, सोलून खा. ठेल्यावरचा बर्फ घातलेला रस नको. तोंड आलं असेल तर आंबट झोंबेल, तेव्हा चार दिवस पिकलं केळं बरं.