एडिसनने दिवे लावले?

प्रश्न असा आला : रेडिओच्या आरंभकाळातल्या एका संशोधकावरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. तो विजेच्या दिव्याच्या सुवर्णमहोत्सवाला पाहुणा म्हणून गेला होता. तिथे 'एडिसनने दिवे लावले' असं लिहिलं, तर वाचून बहीण हसली. 'पेटवले' करू का?

बहीण हसणारच! 'परीक्षेत काय दिवे लावलेस?' हे ऐकतच आपण मोठे झालो. घोटाळा अनेकवचनाचा आहे. 'अंगणात दिवे लावले' म्हटलं की दिवाळी, पण माणसाचं नाव पुढे येऊन नुसतं 'दिवे लावले' आलं की प्रगतिपुस्तकच आठवतं. तेव्हा एकवचन करा : 'एडिसनने दिवा लावला.' घडलंही तसंच. २१ ऑक्टोबर १९२९ ला अमेरिकेत डिअरबॉर्न इथे, मोटारवाल्या हेन्री फोर्डने पुन्हा उभारलेल्या एडिसनच्या मेन्लो पार्कच्या जुन्या प्रयोगशाळेत, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्यासमोर, म्हाताऱ्या एडिसनने १८७९ चा प्रयोग करून दाखवला. तो एकाच दिव्याचा.

'पेटवला' नको. चूल पेटवतात, शेकोटी पेटवतात, गॅसबत्तीही पेटवतात. जिथे काडी ओढावी लागते तिथे हे क्रियापद शोभतं. आपोआप पेटण्याचं मात्र विजेला वावडं नाही. उशिरा समजलं की आपण म्हणतोच, 'आत्ता ट्यूब पेटली!' (चोक असलेली ट्यूब आधी दोनदा लुकलुकायची, हे आठवत असेल त्यालाच या म्हणण्याची खरी मजा.)

'लावणे'ची गंमत पुढेच आहे. त्या रात्री हा सोहळा रेडिओवरून ऐकवला गेला. घरोघरी लोक विजेचे दिवे बंद करून बसले होते आणि एडिसनचा दिवा लागल्याचं कळताच त्यांनी आपापले लावले. म्हणजे लोकांनी आधी रेडिओ लावला, मग दिवा लावला. आजी समई लावायची, आजोबा बातम्या लावायचे. मराठीला वेगळं क्रियापद शोधावंच लागलं नाही. तुमच्या संशोधकाला तर हे जवळचंच वाटलं असतं, कारण रेडिओचा वॉल्व (जुन्या रेडिओतली ती काचेची नळी) हा बल्बचाच वंशज. दिव्यातल्या तारेशेजारी धातूची पट्टी ठेवून जॉन फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १९०४ मध्ये केला, आणि हा फ्लेमिंग पूर्वी एडिसनच्याच लंडनमधल्या कंपनीचा सल्लागार होता.

जाता जाता : एडिसन ज्या खुर्चीत बसला, ती फोर्डने तिथेच जमिनीला ठोकून टाकली. तुमच्या लेखात तो प्रसंग असेल तर 'खिळे ठोकून पक्की केली' असं लिहा. 'खिळवून ठेवली' लिहू नका. खिळवून ठेवतात ते श्रोत्यांना.