कॅलिफोर्नियातल्या तळ्यांत रेनबो ट्राउटसाठी कोणता लूर चांगला?

तुम्ही लिहिलंय की जून लेकला काठावरून कास्टमास्टर (चमच्यासारखा धातूचा लूर, म्हणजे नकली आमिष) टाकता, शेजारच्यांना ट्राउट लागतात, तुम्हाला नाही. आणि विचारलंय, तर दुसरा कुठला लूर घेऊ? माझं मत विचाराल तर लूर आहे तोच राहू द्या. बहुतेक वेळा घोळ असतो तो लूर किती खोलीवरून आणि किती वेगानं येतोय यात. रंगाचं दुकानदार सांगतात तितकं काही नसतं. ऊन असेल तर चंदेरी-सोनेरी, मळभ असेल तर काळपट, एवढ्यावर भागतं.

नदीतला ट्राउट दगडाच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, खाणं त्याच्याकडे वाहत येतं. तळ्यात त्याला पोटासाठी हिंडावं लागतं आणि तो हिंडतो आपल्याला मानवणाऱ्या गारव्याच्या थरात. रेनबोला साधारण १० ते १६ अंश सेल्सियसचं पाणी आवडतं, २० च्या वर तो हैराण होतो. हायवे ३९५ लगतची जून लेक, कॉन्व्हिक्ट लेकसारखी तळी साडेसात हजार फुटांच्या वर आहेत. तिथे बर्फ वितळल्यावर काठालगतचं पाणी आधी कोमट होतं, म्हणून वसंतात मासा पायाशी सापडतो. जुलै-ऑगस्टात भर दुपारी तो खाली उतरलेला असतो आणि आपण वरच्या चार फुटांत चमचा फिरवत बसतो. त्या दिवसांत पहाटे उजाडताना जा, नाहीतर तिन्हीसांजेला.

आता खोली. सात ग्रॅमचा कास्टमास्टर वाऱ्यातही लांब जातो. पाण्यात पडल्या पडल्या रील फिरवू नका. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) ताणलेलं ठेवून मनात आकडे मोजा. पहिल्या फेकीला पाच, मग दहा, मग पंधरा. तळाला टेकला की तंगूस एकदम सैल पडतं, म्हणजे तळ कितव्या आकड्यावर आहे ते कळलं; पुढच्या फेकीला दोन-तीन आकडे आधी उचला. मासा ज्या आकड्याला लागला, तोच आकडा धरून बसा. शेजारचा माणूस बहुधा हेच करत असतो, फक्त तोंडानं बोलत नाही.

वेगाचं तर डोळ्यांनी बघता येतं. उथळ, स्वच्छ पाण्यात लूर पायाशी ओढून बघा. कास्टमास्टर डावी-उजवीकडे डुलत यायला हवा. गरगर फिरायला लागला तर घाई होतेय, काठीसारखा सरळ सरकला तर फार सावकाश. डुलणं टिकेल असा सगळ्यात मंद वेग शोधा आणि मधूनच रील क्षणभर थांबवा. लूर गिरक्या घेत खाली जातो, आणि मागे लागलेला मासा पुष्कळदा नेमका तेव्हाच तोंड घालतो. अगदी मंद ओढायचं असेल तर पँथर मार्टिन हा फिरत्या पात्याचा लूर घ्या. त्याचं पातं थेट दांड्यावरच बसवलेलं असल्यामुळे जरा ओढलं तरी फिरू लागतं. मात्र फिरत्या पात्यानं तंगूसाला पीळ पडतो, तेव्हा स्विव्हल (गरगर फिरणारी छोटी कडी) लावाच. तंगूस चार पौंडी, म्हणजे चार पौंडांचा ताण सोसणारं, पुरे. त्याहून जाड लावलं तर हलका लूर लांब जात नाही. रीलचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटू देणारा ब्रेक, सैल ठेवा. रेनबो पाण्याबाहेर उड्या मारतो आणि ताठ तंगूस तिथेच तुटतं.

लूरनं काहीच होत नसेल तर पॉवरबेट, म्हणजे कणकेसारखं, पाण्यात तरंगणारं विकतचं आमिष. सरकतं शिसं, त्याखाली स्विव्हल, मग दीड-दोन फुटांचं बारीक तंगूस आणि सोळा नंबरचा छोटा तीनकाटी गळ. गोळी एवढीच वळा की गळ झाकला जाईल. फेकण्याआधी काठाशी पाण्यात सोडून बघा: गोळी गळासकट वर आली पाहिजे. नाही आली तर ती तळाच्या शेवाळात रुतून बसणार आणि तुम्ही तासभर चहा पीत राहणार. शेवाळ उंच असेल तर खालचं तंगूस वाढवा. हॅचरीतून (मासे वाढवण्याच्या केंद्रातून) सोडलेल्या माशांवर हे चांगलं चालतं, कारण ते खाद्याच्या गोळ्या खाऊनच मोठे झालेले असतात. पण मासा सोडून द्यायचा असेल तर हा मार्ग नको. तो गळ पार घशाखाली घेतो. तसं झालंच तर ओढाताण न करता तंगूस कापा. सोडायचे असतील तर लूर वापरा, गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, आणि हात ओले केल्याशिवाय माशाला धरू नका.

दुपारी सिएरा नेवाडाच्या या डोंगरांत वारा सुटतो तेव्हा लोक सामान आवरतात. मी उलट ज्या काठावर लाटा आपटत असतात तिथे जातो. बारीकसारीक किडे तिकडे ढकलले जातात, पाणी ढवळतं, मासा बिनधास्त जवळ येतो. तोंडावर वारा घेऊन फेकायला त्रास होतो खरा, पण सात ग्रॅमचं वजन तिथेच कामी येतं.

वय १६ किंवा जास्त असेल तर कॅलिफोर्नियाचं फिशिंग लायसन्स लागतं. किती मासे ठेवता येतात आणि कुठलं आमिष चालतं हे तळ्यागणिक बदलतं, तेव्हा राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर त्या तळ्याचं नाव घालून बघून घ्या. आणि घरी न्यायचे असतील तर बर्फाची पेटी गाडीत नको, काठावर हवी. ट्राउट लवकर मऊ पडतो, मग तव्यावर सालीसकट चिकटतो.