चाक फिरवण्याआधी निखारे पाडा

प्रश्न : ताई, चाक फिरवलं की जाळी वर-खाली होते अशी शेगडी अंबडला करून घेतली. जाळी जीआयची, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची आहे. बाभळीच्या लाकडावर मटणाच्या चापा भाजल्या, तर बाहेरून करपल्या आणि हाडाशी कच्च्या. जाळी किती उंच ठेवायची? द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या घरच्याच आहेत, लाकडाऐवजी त्या वापरू का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : दादा, आधी ती जाळी काढा. जीआयवर जस्ताचा थर असतो आणि जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. लाकडाच्या जाळात तेवढी धग सहज होते, आणि ते जस्त जेवणात नको. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस सळ्या बसवून घ्या.

उंचीचं नंतर बघू. तुमच्या चापा करपल्या त्या जाळामुळे. अर्जेंटिनात अशाच चाकाच्या शेगडीशेजारी लोखंडी टोपली असते. लाकूड तिच्यात जळतं, खाली पडलेले निखारे तेवढे ओढून मांसाखाली घेतात. तुम्हीही एका कोपऱ्यात बाभूळ पेटवा. ज्वाळा बसून निखाऱ्यांवर राखाडी साय धरली की ते जाळीखाली पसरा. आता तळहात जाळीच्या उंचीवर धरा. पाच-सहा सेकंद धग सोसवली, तर चापांना तीच उंची. आत शिजल्या की जाळी खाली घ्या आणि रंग आणा. चरबी गळून जाळ उठला तर लगेच चाक फिरवून वर न्या. चाकाचा खरा उपयोग इथे आहे. पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते.

काड्यांचा मोह मला कळतो. फ्रान्समधल्या ज्या बोर्डोच्या नावाचं बुरशीनाशक मिश्रण आपण बागेत मारतो, त्याच भागात द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजायची जुनी रीत आहे. पण आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीची काडी असो की ऑक्टोबरच्या गोडी छाटणीची, तिच्यावर किती फवारण्या बसलेल्या असतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तो धूर जेवणात नको. बाभूळच बरी. तिचे निखारे टिकतात.

बोकड जून असेल तर कच्च्या पपईचा कीस थोडाच लावा, रात्रभर ठेवू नका. मांस पिठासारखं होतं. सुरुवातीला फक्त आलं-लसूण, हळद, मीठ. काळा मसाला तेलात कालवून शेवटच्या दोन मिनिटांत फासा, आधी लावला की करपून कडू होतो.